नॉर्मनचं मत

ट्राममधून उतरून बेरिल हॉल्डवर्थ टाउन हॉलला वळसा घालून मासळीच्या बाजाराकडे निघाली होती, तेवढ्यात तिला लाउडस्पीकरवरून आपल्या नवऱ्याचं नाव ऐकू आलं. नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. कारंज्यांपाशी शंभरेक माणसं जमली होती, काहींच्या हातात पिवळ्या तारकांचे निळे झेंडे होते, आणि समोर एका लाकडी खोक्यावर उभी राहून तिची स्वतःची लेक टेसा बोलत होती. शाळेत भूगोल शिकवायची त्याच आवाजात, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा. "माझे वडील, नॉर्मन हॉल्डवर्थ," टेसा म्हणत होती, "त्यांनी युरोपातून बाहेर पडायला मत दिलं. गेल्या मार्चमध्ये ते गेले. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. पण त्यांच्यासारखी किती माणसं या तीन वर्षांत गेली, किती पोरं अठरा वर्षांची झाली. त्या सार्वमताचा मान राखायचा असेल, तर जी माणसं आज आहेत त्यांना पुन्हा एकदा विचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेरिलच्या शेजारी उभा असलेला टोपीवाला म्हातारा कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटला, की मेलेल्या बापाला असं चव्हाट्यावर आणायचं म्हणजे कमाल झाली. बेरिलनं पिशवीचे बंद घट्ट धरले. तिला पोरीचा राग आला नव्हता, चव्हाट्याचंही काही वाटलं नव्हतं. ती जागीच थबकली होती ती वेगळ्याच कारणानं. नॉर्मननं मत दिलंच नव्हतं.

हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. मासळी न घेताच ती उलटी फिरली आणि परतीच्या ट्राममध्ये बसली. खिडकीतून शेफील्डच्या चढउताराच्या गल्ल्या, एकाला एक चिकटलेली विटांची घरं मागे जात होती, काही खिडक्यांत 'आम्ही निघालो' असे कागद, काहींत 'थांबा, पुन्हा विचारा' असे. एका घराच्या तर वरच्या खिडकीत एक आणि खालच्या खिडकीत दुसरा. ते बघून तिला त्या घरातल्या बाईची दया आली. त्याच आठवड्यात लंडनात, संसदेत, तीन दिवस लागोपाठ मतदान झालं होतं: एका दिवशी सभासदांनी ठरवलं की केलेला करार नको, दुसऱ्या दिवशी की कराराशिवाय बाहेर पडणंही नको, तिसऱ्या दिवशी की मुदत वाढवून मागा. आणि सगळे उठून एकच सांगत होते, आम्हाला जनतेच्या कौलाचा मान राखायचा आहे. नॉर्मन असता तर टीव्हीसमोर पाय पसरून म्हणाला असता, एवढा मान मला कुणी जन्मात दिला नाही. तो असं म्हणाला असता, हे तिला इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

दिवाणखान्यातल्या शेगडीवरच्या फळीवर घडी घातलेला कागद होता, तो लेसचा. लेस म्हणजे नॉर्मनचा धाकटा भाऊ. गावच्या पेपरात आठवणींचं एक पान असतं, गेलेल्या माणसाच्या वर्षाच्या दिवशी घरच्यांनी त्यात दोन ओळी द्यायच्या. इथं ते कुणी चुकवत नाही. ज्या घरानं पहिल्या वर्षाला ओळी दिल्या नाहीत त्या घराबद्दल कामगारांच्या क्लबात बोललं जातं. लेसनं मजकूर आपणहून लिहून आणला होता: 'प्रिय भाऊ नॉर्मन, तुझं मत आम्ही वाया जाऊ देणार नाही. लेस, बेरिल आणि टेसा.' नॉर्मन गेला एकोणतीस मार्चला, आणि देश बाहेर पडायचा होता तोही यंदाच्या मार्चच्या एकोणतीसला. लेसच्या लेखी हा योगायोग नव्हता. भाऊ वरून तारीख धरून बसला आहे, अशी त्याची ठाम समजूत झाली होती, आणि आता लंडनवाले तारीखच पुढे ढकलायला निघाल्यावर तो भावाचा दुसऱ्यांदा मृत्यू झाल्यासारखा हवालदिल झाला होता. टेसानं कागद वाचून आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं की माझं नाव खालून काढा, नाहीतर मी वेगळी ओळ देईन. एका माणसाच्या दोन जाहिराती, एकमेकींच्या उरावर, अख्ख्या गावासमोर. मजकूर सोमवारी सकाळी द्यायचा होता, म्हणून आज चारला दोघांना चहाला बोलावलं होतं. बेरिलनं किटली ठेवली आणि मासळी आणलीच नाही हे तिच्या ध्यानात आलं.

नॉर्मन भट्टीत होता. लोखंड लाल करून हातोड्याखाली द्यायचं काम, वयाच्या पंधराव्या वर्षापासून. पंचाहत्तर साली जेव्हा पहिल्यांदा विचारलं होतं, युरोपात राहायचं का, तेव्हा दोघं हातात हात घालून शाळेच्या हॉलात गेली होती आणि दोघांनी राहायचं म्हणून फुली मारली होती. टेसा तेव्हा ढकलगाडीत होती. पुढं आठ वर्षांत भट्टी बंद झाली आणि नॉर्मन बस चालवायला लागला, आणि ती एक फुली त्याच्या मनात कुठंतरी सलत राहिली. भट्टी युरोपामुळे बंद झाली असं तो कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, मला एकदाच विचारलं आणि मी हो म्हणालो, आता परत विचारतायत तर मला नाही म्हणून बघायचंय. यात बेरिलला काही चुकीचं वाटायचं नाही. तिला फक्त भीती वाटायची. तिनं वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढलं होतं, आणि चुलीवरचं भांडं ठेवायला दुसरी जागा असल्याशिवाय उचलू नये एवढं तिला कळत होतं. ती हे बोलली की नॉर्मन म्हणायचा, भांडं कधीचं करपलंय, पोरी. ती म्हणायची, म्हणून हातानं धरणार का? मेच्या शेवटी शेवटी त्यांचं भांडण चेष्टेतून बाहेर पडलं. टेसाच्या वाढदिवसाच्या जेवणावर नॉर्मन बशी आदळून उठला. बेरिल त्याला नको ते बोलली, की तुझी भट्टी गेली म्हणून सगळ्यांच्या चुली विझवायला निघालायस. त्यानंतर पंधरा दिवस तो मागच्या खोलीत झोपत होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटेल. लोक मागच्या खोलीतून येणारा खोकला ऐकत पडले नव्हते.

मग एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला, दाढी केलेली, आणि टेबलापलीकडे उभा राहून म्हणाला, "हे बघ. मी जाणार, इकडे फुली मारणार. तू जाणार, तिकडे मारणार. तू मला खोडणार, मी तुला खोडणार. मग दोघांनी जायचंच कशाला? घरी बसू. चहा पिऊ." ती हसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्यानं हात पुढं केला, युनियनच्या बैठकीत करायचा तसा ताठ, आणि तिनं तो हातात घेतला. गावात अशी आणखी जोडपी होती, क्लबातले लोक त्यांची थट्टा करायचे. म्हणूनच नॉर्मन म्हणाला, लेसला काही सांगू नकोस. तो मला जन्मभर सुखानं बिअर पिऊ देणार नाही. त्या रात्री तो पुढच्या खोलीत झोपायला आला.

तेवीस जूनचा गुरुवार. नॉर्मन सकाळीच बूट घालून तयार. बेरिलच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. घरी बसायचं तर बूट कशाला? एकवीस वर्षांचा झाल्यापासून या माणसानं एकही निवडणूक चुकवली नव्हती, अंगात ताप असताना गेला होता, बर्फातून गेला होता. तो हिरवळीवर लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायला म्हणून निघणार, शाळेवरून वळणार, आणि परत येऊन चहा मागणार. ती भांडी विसळत उभी होती आणि तिला हे सगळं घडताना दिसत होतं, त्याची मान, त्याची टोपी, त्याचं पेन. त्या दिवसांत लोक म्हणत होते की मतदान केंद्रातल्या पेन्सिलीवर विश्वास ठेवू नका, खोडून टाकतील, घरून पेन न्या. नॉर्मनच्या शर्टाच्या खिशात पेन होतं. ते रोजच असायचं, पण त्या दिवशी तिला ते रोजचं वाटेना. अकरा वाजता ती म्हणाली, दूध संपलंय. दूध खरंच संपलं होतं. हा सगळा दोष तिनं पुढं कितीदा त्या दुधावर टाकून पाहिला होता.

शाळेचा हॉल, तिच्याच स्वयंपाकघराला लागून. वीस वर्षं तिनं जिथं वाढलं तिथंच टेबल लावलेलं. यादी घरांच्या नंबराप्रमाणे असते. टेबलामागच्या बाईनं पट्टी ठेवून बेरिलच्या नावावर सरळ रेघ ओढली, आणि खालच्या कोऱ्या नावावर बोट ठेवून ओळखीनं विचारलं, मिस्टर हॉल्डवर्थ मागून येतायत का? बेरिल म्हणाली, त्यांना जरा बरं नाही. हे खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. तो आला नव्हता, अजून. दुपारी येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं, तो येणारच, त्याच्या आधी मी आले एवढंच. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल होती, तिचं टोक बोथट झालेलं. तिनं फुली मारली, जोर लावून. मग दूध घेतलं आणि घरी आली.

नॉर्मन मागच्या अंगणात घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होता. दूध मिळालं का, त्यानं विचारलं. मिळालं, ती म्हणाली. आता जाईल, तिला वाटलं. जेवण झालं. आता. चार वाजता लेसचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, हो हो, झालं सगळं, आणि तिच्याकडे बघून डोळा मारला. तो गोळे खेळायलाही गेला नाही. शाळेवरून जावं लागू नये म्हणून गेला नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा साडेसहा झाले होते. अंगणात ऊन होतं. तो दिवसभर बूट घालून घरात हिंडत होता, कारण जायची त्याला इतकी इच्छा होती. सात वाजता तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, नाड्या सोडल्या, बूट काढून दाराशी नीट ठेवले आणि म्हणाला, "चला, सुटलो." तिला त्या क्षणी बोलता आलं असतं. अजून तीन तास केंद्र उघडं होतं. जा, मी जाऊन आलेय, जा तू, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या ओठावर आलं आणि त्यानं तिच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की तिनं तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, त्याच्या बाजूनं. शेफील्डात जेमतेम, पण लागला. लेस धावत आला, भावाला मिठी मारली, "आपण करून दाखवलं" म्हणाला, आणि नॉर्मन त्याच्या खांद्यावरून बेरिलकडे पाहत राहिला, जरा लाजून, फुकटचं बक्षीस मिळालेल्या माणसासारखा. ती किटली हातात धरून उभी होती.

आज ठरल्याप्रमाणे चारला लेस आला, पाठोपाठ टेसा. बेरिलनं पाहुण्यांसाठी ठेवलेला सॅमन माशाचा डबा फोडला होता, पाव कापून लोणी लावलं होतं. सुरुवातीला दोघं हवापाण्याचं बोलली. लेसनं काठी खुर्चीला टेकवली. त्याला सकाळच्या भाषणाची खबर लागलेली होती, क्लबात अशा बातम्या ट्रामच्या आधी पोचतात, पण तो बराच वेळ त्या विषयाला हात घालत नव्हता, यावरून तो किती दुखावला आहे ते बेरिलला कळलं. शेवटी तो बशीकडे बघत म्हणाला, "तू त्याचं नाव घ्यायला नको होतंस, टेस. तुझं मत तुझं. त्याचं त्याला ठेव."

"बाबांचं नाव तुम्ही पेपरात छापणार, लेस काका. मी नुसतं बोलले."

"मी त्याला हवं ते छापतोय. त्यानं आयुष्यात एकदा काहीतरी मागितलं. मिळालं. आता हे लोक म्हणतात, थांबा, तुम्हाला खरंच तेच हवं होतं का? आम्हाला काय कळत नव्हतं?" त्यानं बशी बाजूला सारली. "भट्टी बंद केली तेव्हा नाही कुणी दोनदा विचारलं."

टेसाचा चेहरा उतरला. ती लेसच्या मांडीवर वाढली होती. ती हळू म्हणाली की माझ्या वर्गात तीस पोरं आहेत, काका, त्यांतल्या एकालाही कुणी एकदासुद्धा विचारलेलं नाही. बाबांनी त्यांच्या पायात बेडी घातली असं मला म्हणायचं नाही. बाबांनाच विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते, विचारा पोरांना. लेस म्हणाला, तो असं कधीच म्हणाला नसता. टेसा म्हणाली, तुम्हाला काय माहीत. आणि मग दोघं त्या मताबद्दल बोलू लागली, ते कशासाठी दिलं, कुणाविरुद्ध दिलं, आज दिलं असतं तर कसं दिलं असतं, ते पाळायचं म्हणजे काय, ते मोडायचं म्हणजे काय. बेरिल चहा ओतत होती. दोघांचंही तिला पटत होतं, हीच मोठी पंचाईत होती. दोघं मिळून एका न दिलेल्या मताची दोन टोकं धरून ओढत होती, आणि मधे नॉर्मन होता, मोज्यांवर, बूट दाराशी ठेवलेले.

"त्यानं मत दिलं नव्हतं," बेरिल म्हणाली.

दोघं थांबली. तिनं किटली खाली ठेवली आणि सांगितलं: पंधरा दिवसांचं भांडण, मागची खोली, दाढी केलेली सकाळ, हातात हात. तो दिवसभर घरी थांबला, म्हणाली, संध्याकाळी बूट काढले. लेस, तुला सांगायचं नाही असं नॉर्मन म्हणाला होता, तू हसशील म्हणून. लेस हसला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला. दुसऱ्या दिवशी मी त्याला मिठी मारली, तो म्हणाला. गाढव. मला म्हणाला का नाही? टेसा तर उठून आईच्या मागे आली, गळ्यात हात टाकले, तिच्या केसांवर गाल ठेवून रडली. या तीन वर्षांत हिनं आपल्याला असा हात लावला नव्हता, बेरिलच्या मनात आलं, आणि त्या उबेत ती क्षणभर स्वस्थ बसली. कुणीही बसलं असतं.

टेसानं डोळे पुसले, लेसचा कागद ओढला, पेन घेतलं. आता कसं लिहायचं ते तिला एकदम सुचलं होतं. काका, दोघांनाही चालेल असं, ती म्हणाली, आणि लिहिता लिहिता वाचत गेली. "सगळा देश भांडत होता तेव्हा नॉर्मन आणि बेरिल हॉल्डवर्थ घरी थांबले. दोघांनी एकमेकांना शब्द दिला आणि दोघांनी तो पाळला." लेसनं मान डोलावली. हे लंडनवाल्यांनी वाचायला हवं, तो म्हणाला. खरा मान राखणं म्हणजे हे. त्यानं टेबलावरून हात लांब करून बेरिलच्या हातावर ठेवला. तो हात नॉर्मनच्या हातासारखाच होता, तीच रुंद बोटं, अंगठ्याशी तसाच भट्टीत भाजल्याचा जुना डाग. बेरिलला वाटलं, गप्प बसावं. कुणाचं काय जाणार आहे? घर सांधलं गेलं आहे, नॉर्मनचं नाव चांगलं निघतं आहे, पोरगी जवळ आली आहे. ती गप्प बसली असती तर तिला जन्मभर कुणी विचारलं नसतं. पण मग तो कागद छापून येणार, गाव वाचणार, आणि नॉर्मननं एकट्यानं केलं त्यातलं अर्धं ती घेऊन टाकणार. जिवंतपणी त्याचं मत घेतलं, आता हेही.

"दोघांनी नको लिहू," ती म्हणाली. "मी गेले होते."

टेसाला कळलं नाही. कुठं गेली होतीस, तिनं विचारलं.

"दूध आणायला. आणि मत द्यायला. मला वाटलं, तो जाणारच. म्हणून मी आधी जाऊन आले. तो गेला नाही."

लेसनं हात काढून घेतला. रागानं नाही, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाजवळून उठावं तसा. मग त्यानं विचारलं, नॉर्मनला माहीत होतं का. बेरिल म्हणाली, नाही. आजारपणात रोज सांगेन सांगेन म्हणत होते. तो शेवटी शेवटी म्हणायचा, आपण तेवढं एक शहाणपणाचं केलं, पोरी. मग कसं सांगणार? टेसाच्या हातातलं पेन तसंच होतं. ती आईकडे पाहत होती आणि बेरिलला दिसत होतं, की पोरगी मनातल्या मनात काहीतरी मोठं उचलून सोपं करायला बघते आहे, जसं ती लहानपणापासून करत आली होती, कुणाच्याही दुःखाला दार शोधून द्यायची तिची सवय. शेवटी टेसानं लिहिलेल्या ओळींवर काट मारली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झालं ते झालं, आई," ती समजुतीनं म्हणाली. "तो दिवस गेला. आपण परत विचारायला लावू, बघ तू. या वेळी सगळे जातील."

"तुम्हाला विचारतील," बेरिल म्हणाली. "त्याला कोण विचारणार?"